वाणात दिलेला अल्बम

पंचावन्नाव्या वर्षी बाईला थोडीफार अक्कल आलेली असते असं म्हणतात. मला त्या वयात गुडघेदुखी आली होती, लाल रंगाचा गुडघ्यापर्यंतचा विंटर कोट आला होता, आणि स्कारबरोतल्या आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये एक रेकॉर्ड कंपनी आली होती. अक्कल बहुधा नागपूरलाच राहिली असावी.

कंपनी माझ्या धाकट्या मुलाची. दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं उलटली होती. कॉम्प्युटरची पदवी घेऊन त्याने एका ऑफिसात वर्षभर नोकरी केली आणि एक दिवस घरी येऊन, बूट काढता काढता म्हणाला, "आई, आय क्विट. मी लेबल सुरू करतोय."

"कसलं लेबल?" मी विचारलं. मला लोणच्याच्या बरणीवर चिकटवतात ते लेबल माहीत होतं.

"रॅपचं. साउथच्या पद्धतीने."

साउथ म्हटल्यावर ती पंचावन्न वर्षांची बाई, म्हणजे मी, समजली की मद्रासच्या पद्धतीने. त्यात त्याच्याबरोबर धंद्यात उतरलेला मुलगा पलीकडच्या रस्त्यावरच्या तमिळ घरातला, म्हणजे सगळं जुळतच होतं. हा साउथ अमेरिकेतला, ह्यूस्टन आणि मेम्फिसकडचा, हे समजायला मला महिना लागला. तोवर मी त्या पोट्ट्यांना दर शनिवारी कौतुकाने सांबार करून घालत होते.

माझ्या यजमानांनी एकच अट घातली. ते इंजिनियर, त्यामुळे अटसुद्धा प्रोजेक्टच्या डेडलाइनसारखी. "पुढच्या मार्चपर्यंत बेसमेंट तुझं. तोपर्यंत चाललं तर चाललं. नाही चाललं तर रेजिना."

रेजिनाला माझे धाकटे दीर सरकारी खात्यात होते आणि तिथे एक जागा निघणार होती. आमच्या घरात रेजिनाचा उपयोग बागुलबुवासारखा व्हायचा. तिथे चहूकडे सपाट, वारा अडवायला झाड नाही, आणि उणे तीस म्हणजे बरा दिवस. माझा मुलगा मान हलवून हो म्हणाला. मार्च त्याला फार लांब वाटला असावा. मलाही.

तर त्या कंपनीची पद्धत सांगते, कारण माझा मुलगा ती इतक्या वेळा समजावून सांगायचा की मला ती आरतीसारखी पाठ झाली होती. साउथमधली पोरं न्यूयॉर्कच्या मोठ्या कंपन्यांची वाट बघत बसली नाहीत. त्यांनी घरातच स्टुडिओ थाटला. सगळ्या गाण्यांना ठेका देणारा माणूस एकच, घरचा, म्हणजे कुठलंही गाणं ऐकलं की कंपनी ओळखू यावी. आधी मिक्सटेप, म्हणजे घरीच केलेली कच्ची सीडी, काढायची आणि फुकट वाटायची. लोकांना चटक लागली की मग अल्बम काढायचा, आणि तो दुकानात ठेवायच्या आधी गाडीच्या ट्रंकमधून, म्हणजे आपल्या डिकीतून, विकायचा. कलाकार भरपूर हवेत आणि त्यांनी एकमेकांच्या गाण्यांत यायला हवं, म्हणजे फौज आहे असं वाटतं. आणि प्रत्येक अल्बमच्या पाठीमागे पुढच्या पाच अल्बमची जाहिरात. ते तयार नसले तरी चालतं.

आमच्या कंपनीत ठेका द्यायला तमिळ मुलगा होता, पण फौज नव्हती. कलाकार एकच. गयानाहून आलेल्या आईबापांचा धिप्पाड मुलगा, एटोबिकोला राहायचा, विमानतळावर बॅगा चढवायचा. बोलताना तोंडातल्या तोंडात बोलायचा, पण माइकसमोर उभा राहिला की त्या आवाजाने माझ्या स्वयंपाकघरातली भांडी हलायची. खोटं नाही सांगत, फडताळातल्या वाट्या वाजायच्या. एका कलाकाराची फौज करायची म्हणून तमिळ मुलाने त्याचा आवाज हळू फिरवून दुसरा कलाकार तयार केला आणि भरभर फिरवून तिसरा. मग हे तिघं एकमेकांच्या गाण्यांत पाहुणे म्हणून जायचे. मला तो हळू फिरवलेला जास्त आवडायचा. दुपारी भरपेट जेवून झोपलेल्या माणसाला कोणीतरी उठवलंय आणि तो चिडून कविता म्हणतोय, असं वाटायचं.

यात माझाही एक आवाज होता. एकदा ते रेकॉर्डिंग करत असताना मी जिन्यावरून ओरडले, "जेवायला या रे पोट्टेहो, गार होऊन राहिलंय!" ते माइकमध्ये गेलं. मी घाबरले, वाटलं आता रागावतील. पण तमिळ मुलाने कानावरचा हेडफोन काढला (त्याचे कान मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले) आणि म्हणाला, "दॅट्स अवर टॅग." टॅग म्हणजे गाण्याच्या सुरुवातीला मारलेला शिक्का. हे गाणं कोणाच्या कारखान्यातलं ते कळावं म्हणून. तेव्हापासून मिक्सटेपवरचं प्रत्येक गाणं माझ्या ओरडण्याने सुरू व्हायला लागलं. आधी मी, मग ढोलासारखा तो खालचा ठेका, मग पोरगा.

त्या बाईला तुम्ही पाहायला हवं होतं. भाजी आणायला निघाली तरी लिपस्टिक. मंडळाच्या कार्यक्रमात कोणी गाण्याचा विषय काढला की घसा खाकरायची.

त्या उन्हाळ्यात खरंच काहीतरी होतं. आम्ही घरीच सीड्या जाळायचो. जाळायचो म्हणजे कॉपी करायचो, त्या धंद्यातला शब्द तोच. त्यावर लेबलं चिकटवायचं काम माझ्याकडे, आणि बुडबुडे राहू नयेत म्हणून मी वरून लाटणं फिरवायचे. संध्याकाळी आमची जुनी कोरोला दुकानांच्या प्लाझाच्या पार्किंगमध्ये मागून उघडी ठेवून उभी. आत माझ्या मुलाने बसवलेले मोठाले स्पीकर. लोकांच्या गाड्यांच्या काचा खाली, मुलं कट्ट्यावर बसलेली, पलीकडे भाजलेल्या मक्याचा वास. माझा आवाज पार्किंगभर घुमायचा: जेवायला या रे पोट्टेहो! आणि खरंच माणसं यायची. जमैकन, तमिळ, फिलिपिनो, सगळी. "हू इज दॅट लेडी?" विचारायची. मी फोल्डिंगच्या खुर्चीवर थर्मास घेऊन बसलेली असायचे. कलाकार माझ्याकडे बोट दाखवायचा आणि मी मान झुकवायचे, एखादी मोठी गायिकाच जणू. एका कॉलेजच्या रेडिओवर एक गाणं लागलंसुद्धा. त्या दिवशी यजमानांनी चहा पिता पिता विचारलं, "ते लागलं का म्हणे?" एवढंच. पण त्यांच्या तोंडून एवढंच म्हणजे पुष्कळ.

"मार्चपर्यंत होईल बघ," मी मुलाला म्हणाले.

"होणारच, आई. आता अल्बम."

अल्बम कारखान्यातून करून घ्यायचा होता. छापील कव्हर, वरून घट्ट प्लॅस्टिक. कव्हरवर सोनेरी अक्षरं आणि त्यावर हिरे चिकटवल्यासारखे छापलेले. कलाकार एका लांबलचक पांढऱ्या गाडीला टेकून उभा. ती गाडी ब्रॅम्प्टनच्या एका पंजाबी लग्नाची होती. वऱ्हाड आत जेवत असताना ड्रायव्हरला गोड बोलून फोटो काढला होता आणि नीट पाहिलं तर आरशाला झेंडूचं फूल दिसायचं. पाठीमागे पाच येणारे अल्बम. पाचही त्याच पोराचे, वेगवेगळ्या वेगाचे.

कारखान्याने उशीर केला. खोकी आली ती डिसेंबरात.

आता ही साउथची पद्धत ज्यांनी शोधून काढली ते डिसेंबरात अंगात एक शर्ट घालून हिंडणारे लोक. त्यांच्या पद्धतीत बर्फाचा विचार कुठून असणार? आमची पोरं कोरोलाची डिकी उघडून त्याच पार्किंगमध्ये उभी राहिली. गाड्यांच्या काचा बंद. माणसं गाडीतून उतरायची ती मान खाली घालून, धावत दारात. डिकी उघडी ठेवली की आत बर्फ भरायचा. तो पोरांनी आधी शोव्हल करायचा, म्हणजे फावड्याने उपसायचा, आणि मग सीड्या काढायच्या. त्या थंडीत सीडीच्या डब्या इतक्या कडक व्हायच्या की एखादी हातातून पडली की बिजागरी तुटलीच. स्पीकर लावला तर कुडकुडल्यासारखा वाजायचा. कॉलेजचा रेडिओ सुट्टीत बंद. न्हाव्याच्या दुकानाने थोड्या ठेवून घेतल्या आणि त्यांच्यावर कंगव्याचं भांडं ठेवलं.

एके दिवशी मी थर्मास घेऊन गेले, तर कलाकार एकटाच डिकीपाशी उभा. भुवयांवर बर्फ.

"गो होम, बेटा," मी म्हटलं.

"इट्स ओके, आंटी. आय वर्क आउटसाइड एनीवे."

एवढंच म्हणाला. पण घरी येताना मी पहिल्यांदा बोटांवर महिने मोजले, आणि बोटं फारशी लागली नाहीत.

खोकी बेसमेंटमध्ये, वॉशरूमच्या दारापर्यंत रचलेली. यजमान त्यांना वळसा घालून जायचे. जानेवारी उजाडला. संक्रांत आली. आणि हलव्यासाठी तीळ भाजता भाजता त्या बाईच्या डोक्यात उजेड पडला.

"ऐक," मी मुलाला म्हणाले. "यंदा वाण म्हणून तुझी सीडी लुटते."

"व्हॉट?"

"हळदीकुंकवाला वाण देतात ना, तसं. आपल्याकडे बायका येतील, मग एटोबिकोला मंडळाचं मोठं हळदीकुंकू, तिथलं वाण यंदा मी देते म्हणून सांगते. एकेका बाईच्या घरात दोन-दोन टीनएजर पोरं आहेत. आई सीडी घेऊन गेली की पोरं ऐकणार, शाळेत जाऊन सांगणार. तूच म्हणतोस ना, आधी फुकट वाटायचं आणि योग्य हातांत द्यायचं?"

तो खुर्चीवर बसला होता तो सरळ झाला. किती दिवसांनी सरळ बसला.

"आई, दॅट्स अ स्ट्रीट टीम." रस्त्यावर हिंडून सीड्या वाटणाऱ्या पोरांना त्या धंद्यात तसं म्हणायचे.

"मग! आणि सगळ्या पैठणीतल्या."

तो हसला. लगेच तमिळ मुलाला फोन लावला. मी तीळ भाजायला परत गेले तर ते जळले होते. ते मी शुभशकुन समजले. कशाचाही शुभशकुन करून घेण्यात ती बाई पटाईत होती.

आमच्या घरचं हळदीकुंकू झालं. एटोबिकोचं झालं. लाल कोट काढून मी चंद्रकळा नेसले, दारात उभी राहिले आणि एकेकीच्या हातात तिळगूळ आणि सोनेरी सीडी ठेवली.

"अगं बाई, किती छान! हिऱ्यांची!" एक म्हणाली.

"भजनं आहेत का गं?" दुसरी.

"काकू, तुमच्या मुलाची? खरंच? किती हुशार!" ही पुण्याची, नवी लग्न होऊन आलेली.

एकीने ती पिशवीत टाकण्याआधी कपाळाला लावली. मला भरून आलं. बापरे, कशाकशाने भरून यायचं तेव्हा.

आणि मग आम्ही वाट पाहिली. कव्हरवर कंपनीचा फोन नंबर म्हणून आमच्याच घरचा नंबर छापला होता. फोन वाजला की मुलगा वरच्या जिन्यावर आणि मी खालच्या. पण मी दुसऱ्याच गोष्टीची वाट पाहत होते. माझा हिशेब साधा होता: त्या बायकांपैकी एकीनेही सीडी लावली, तर पहिल्या गाण्याच्या पहिल्या क्षणाला माझा आवाज येणार आणि ती मला फोन करून चिडवल्याशिवाय राहणार नाही. त्या बायकांना मी ओळखत होते. एकदा माझा पदर बार्बेक्यूच्या धुरात काळा झाला होता, तर तीन वर्षं त्यावर बोलत होत्या. त्या असं काही सोडणार? पण आठवडा गेला, कोणी चिडवलं नाही. ग्रोसरीत एक भेटली, तिने हिवाळ्यातल्या वांग्यांच्या भावाविषयी सांगितलं. दुसरी भेटली, तिने सुनेविषयी.

रथसप्तमीच्या जवळपास अखेर फोन आला. मिसिसागाची एक बाई.

"अगं, त्या सोनेरी सीड्या अजून आहेत का गं तुझ्याकडे? मला हव्या होत्या थोड्या."

मी रिसीव्हरवर हात ठेवून ओरडले. मुलगा धावत आला. "रिपीट ऑर्डर!" तो म्हणाला, आणि त्याने माझ्या गालाचा पापा घेतला. दाढी होऊन पाच-सहा दिवस झाले असावेत, टोचली. बाहेर बर्फ पडत होता, विंटर टायर घातले नव्हते, तरी तो खोकं घेऊन मिसिसागाला निघाला. मी गोळाभात टाकला, वरून ओतायला कढी केली. त्याच्या आवडीचं.

तो परत आला तेव्हा खोकं त्याच्या हातात नव्हतं. म्हणजे दिलं होतं. पण त्याने जॅकेट काढलं नाही. तसाच जेवायला बसला.

"काय म्हणाली?"

"थँक यू म्हणाली. चहा दिला." मग बराच वेळ भात कालवत राहिला. "आई, तिच्याकडे हळदीकुंकू होतं आज. डायनिंग टेबलवर ताट होतं. त्यात आपल्या सीड्या होत्या. संक्रांतीला आपण दिलेली एक पण होती. सेम प्लॅस्टिक. तिने वर कुंकू लावलं होतं."

मी त्याच्या भातावर आणखी कढी वाढली.

"आई, वाण कोणी उघडत नाही का?"

"म्हणजे... तसं नाही... वापरतात की."

"तू उघडतेस?"

मी उठले आणि कोपऱ्यातल्या कपाटाचं खालचं दार उघडून दाखवलं. खोटं बोलायचं ते त्या क्षणी सुचलं नाही, एरवी मला पुष्कळ सुचतं. आत वर्षानुवर्षांची वाणं होती. डॉलर स्टोअरमधले मेणबत्तीचे कप, सेलोफेनमध्ये बांधलेल्या स्टीलच्या वाट्या, साबणाच्या डब्या, कंगवा-आरशाची जोडी, गणपतीची कीचेन, सगळं तसंच, नवंकोरं. कोणाचं वाण परत तिलाच जाऊ नये म्हणून मी मागे पेन्सिलीने नावं लिहून ठेवायचे. पुढच्या वर्षी कमी पडलं की यातलंच काढायचं. सगळ्याच काढायच्या. माझ्या सासूने काढलं, आईने काढलं. त्यात कोणाचं काही वाईट नसतं. वाण पुढे जातं. जायचंच असतं.

तो जॅकेट घालून त्या कपाटासमोर उकिडवा बसला. एक कप उचलून त्याने मागचं नाव वाचलं आणि जागेवर ठेवला, अगदी सरळ.

"सो दे विल जस्ट कीप गोइंग," तो म्हणाला.

"जेव ना," मी म्हटलं. "गार होतंय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं हसेल. हसला नाही.

मार्च यायला अवकाश होता, पण तो मार्चची वाट पाहत बसला नाही. तमिळ मुलाने कीबोर्ड विकला आणि कॉलेजला परत अप्लाय केलं. कलाकार एकदा घरी आला, मी दिलेली ठेच्याची बरणी धुऊन परत करायला. दारातच उभा राहिला. मी म्हटलं आत ये, तर म्हणाला, "शिफ्ट आहे, आंटी." तोंडातल्या तोंडात. पुढे तो काय करतो, मला माहीत नाही. विमानतळावर कोणाला आणायला गेले की मी काचेतून बॅगांच्या गाड्या ओढणाऱ्यांकडे पाहायचे. सगळ्यांनी सारखीच नारिंगी जॅकेटं घातलेली असतात.

उरलेली खोकी यजमानांनी कुठे नेली ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मुलाला विमानतळावर सोडताना ते म्हणाले, "तिथे नोकरीला पेन्शन आहे." तो म्हणाला, "येस, बाबा." रेजिनाच्या विमानात त्याच्या शेजारची सीट रिकामी होती, असं त्याने पोचल्यावर फोनवर सांगितलं. त्या प्रवासातलं त्याला सांगण्यासारखं तेवढंच सापडलं.

पुढच्या संक्रांतीला एटोबिकोच्या हळदीकुंकवाला मी एकटीच आत गेले. यजमान गाडीत बसून राहिले. एका ओळखीच्या नसलेल्या बाईने मला हळदीकुंकू लावलं, बोटावर अत्तर लावलं, तिळगूळ दिला आणि हातात सोनेरी सीडी ठेवली.

"कुठून आणलीत हो?" मी विचारलं.

"काय माहीत बाई, सासूबाईंनी काढून ठेवलेली. आत काय आहे देव जाणे, पण दिसायला छान आहे ना?"

"फार छान," मी म्हटलं. वाण नाकारता येत नाही.

प्लॅस्टिक तसंच होतं. फक्त एका कोपऱ्यात जुनं कुंकू वाळून बसलं होतं, कोणत्या घरचं कोणास ठाऊक.

त्या संध्याकाळी मी रेजिनाला फोन लावला. सांगायचं नाही असं ठरवून लावला, आणि तिसऱ्या वाक्याला सांगून टाकलं.

त्याने पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक केला. मग म्हणाला, "उघडलेली होती?"

आणि मला, एवढ्या उशिरा, खोटं सुचलं. "हो तर! ओरखडे पडलेत चांगले. त्यांच्या घरी म्हणे रोज लावायचे. ती बाई मला म्हणाली, अय्या, सुरुवातीला ओरडतात त्या तुम्हीच का? आवाजावरून ओळखलं म्हणे."

"रिअली?"

"मग! म्हणाली, किती ओरडता हो तुम्ही."

तो हसला. खरंच हसला. रेजिनाला गेल्यापासून पहिल्यांदा. मी रिसीव्हर कानाला घट्ट धरला. मग त्याचं हसणं थांबलं, आणि तो हळूच, मला लागू नये अशा बेताने म्हणाला, "आई, अल्बमवर तू नव्हतीस. तो टॅग फक्त मिक्सटेपवर होता. अल्बम प्रोफेशनल वाटावा म्हणून आम्ही काढला."

एवढ्या बायकांच्या हातात मी ती सीडी ठेवली आणि स्वतः एकही उघडून ऐकली नव्हती. बेसमेंटमधून जमिनीतून वर यायचं तेच ऐकलं होतं. वर्षभर मी माझ्या आवाजाच्या चिडवण्याची वाट पाहत होते, आणि आवाज तिथे नव्हताच. म्हणजे कोणी ऐकली असती तरी मला कळलं नसतं, असाही त्याचा अर्थ निघतो. काही दिवस मी तो अर्थ काढून पाहिला. पण माझ्या मांडीवर होती ती सीडी बंदच होती.

"बरं," मी म्हटलं. "तिकडे थंडी किती?"

"मायनस थर्टी वन. पण ड्राय आहे. ठेवतो, आई. ड्राइव्हवे शोव्हल करायचाय."

मी उठून कोपऱ्यातल्या कपाटापाशी गेले. पेन्सिल घेतली. मागे नाव लिहायचं, तर त्या बाईचं नाव मी विचारलंच नव्हतं. तशीच ठेवली, वाट्यांच्या आणि साबणाच्या डब्यांच्या मध्ये. त्याच्या पुढच्या वर्षी ताट भरताना वाण कमी पडलं, तेव्हा हात त्या सीडीपर्यंत गेला. कोणाला दिली ते विचारू नका. तिनेही ती पुढे दिली असणार.